वंशांतून उतरणारें प्रतिकारदौर्बल्य : गोठ्यांतील वासरें व घरांतील बालकें

भाताचें बीं राखतांना आपला शेतकरी जितका जागरूक असतो, तितका तो इतर बाबतींत क्वचितच असतो. कळंबच्या आसपासच्या कोणत्याहि खळ्यावर जाऊन पाहावें. बियाण्याचें भात वेगळें झोडलेलें, वेगळें वाळविलेलें व वेगळें सांठविलेलें आढळेल. अमुक खाचरांतलें बीं घेऊं नये, त्यास गेल्या सालीं करपा लागला होता, हें घरांतलें लहान पोरहि सांगेल. परंतु त्याच घरच्या गोठ्यांत गाभण असलेल्या गाईस कोणत्या वळूचें रेत भरलें, असें विचारिल्यास उत्तर बहुधा मिळत नाहीं. आणि घरांतल्या वडील स्त्रीस, ‘तुमच्या घराण्यांत किती मुलें अंगावर पीत असतांच गेलीं?’ असें विचारावें, तर ती बोटें मोजूं लागते व मध्येंच थांबते. त्या मुलांची नोंद कोणीं ठेविलेली नसते. सातबाऱ्यावर वारस चढतात. जे वारस होण्यापूर्वींच गेले, त्यांचें नांव कोणत्याहि फेरफारांत येत नाहीं.

प्रस्तुत पाठांत आम्ही या न ठेविलेल्या नोंदीचा विचार करणार आहों. कारण कांहीं घरांत मुलामागून मूल जातें, त्याचें खरें कारण नजर, करणी किंवा आईचा पायगुण नसून रोगाशीं झुंजण्याच्या शक्तींतला जन्मजात दोष असूं शकतो. आणि हा दोष ओळखण्याचें पहिलें साधन म्हणजे वंशाची माहिती हेंच होय.

१. रोगप्रतिकारक शक्ति म्हणजे काय?

रानडुकरांपासून शेत राखावयाचें असतां आपण एकाच उपायावर विसंबत नाहीं. आधीं कुंपण, मग माळ्यावरचा राखण्या, मग त्याचा कुत्रा. शरीराचीहि व्यवस्था अशीच आहे. कातडी आणि नाकातोंडांतील ओलसर अस्तर हें कुंपण होय. त्यांतून जंतु आंत शिरलाच, तर रक्तांतील कांहीं पांढऱ्या पेशी त्याच्यावर धांवून जातात, त्यास गिळतात व मारितात. दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींस लिंफोसाइट म्हणतात. त्या जंतूची ओळख पटवून घेतात, व त्यांच्यापैकीं कांहीं पेशी प्रतिपिंडें नांवाचे पदार्थ तयार करितात. प्रतिपिंड जंतूस चिकटलें कीं तो दुबळा होतो व गिळणाऱ्या पेशींच्या तावडींत सांपडतो. एकदां झालेली ओळख या पेशी दीर्घकाळ विसरत नाहींत. लस टोंचण्याचें सारें तत्त्व या स्मरणांत आहे.

ही शक्ति उणी पडण्याचीं कारणें दोन प्रकारचीं आहेत. पहिलीं बाहेरचीं : उपासमार, जंत, गोठ्यांतील घाण, आणि कांहीं रोग. आमच्या भागांत मरणाऱ्या वासरांपैकीं पुष्कळ वासरें याच कारणांनीं मरतात, हें आधींच सांगून ठेवितों. विशेषतः चिकाची गोष्ट ध्यानांत ठेवावी. मनुष्याच्या बालकास आईच्या उदरांत असतांनाच वारेंतून तिचीं प्रतिपिंडें मिळतात. वासरास तीं तशीं मिळत नाहींत. तें प्रतिपिंडांवांचूनच जन्मतें, आणि व्याल्यानंतर पहिल्या कांहीं तासांत पाजलेल्या चिकांतूनच तीं त्याच्या रक्तांत जातात. एक दिवस उलटला कीं आंतड्यांची ती वाट बंद होते. म्हणून वासराच्या वजनाच्या सुमारें एक दशांश इतका चीक त्यास पहिल्या बारा तासांत, व त्यांतला पहिला भाग जन्मतांच तासा-दोन तासांत, पाजलाच पाहिजे. जो शेतकरी चिकाचा खरवस करून शेजारीं वांटतो व वासरूं हगवणीनें मेलें म्हणून रक्तास दोष देतो, त्यास आमचा हा पाठ उपयोगी नाहीं.

दुसरें कारण मात्र आंतलें आहे. चीक पाजला, गोठा कोरडा ठेविला, औषध दिलें, तरी एखादें वासरूं पुन्हां पुन्हां आजारी पडतें. सर्व काळजी घेऊनहि एखादें बालक एका दुखण्यांतून उठून दुसऱ्यांत पडतें. अशा वेळीं राखण्याच मुळांत अपुरा जन्मला आहे कीं काय, हें पाहावें लागतें.

२. दोष वंशांत कसा उतरतो?

प्रत्येक जीवाच्या पेशींत त्याच्या घडणीच्या सूचना असतात. त्यांस जनुकें म्हणतात. बहुतेक कामांसाठीं जनुकांची जोडी असते. एक बापाकडून आलेलें, एक आईकडून आलेलें. गाडीचा एक बैल अशक्त असला तरी दुसरा दमदार बैल ती ओढून नेतो, गाडी बाजारीं पोंचते, व रस्त्यावरच्या माणसास कांहीं कळतहि नाहीं. ज्याच्या जोडींतलें एक जनुक बिघडलेलें व एक चांगलें आहे, त्याची स्थिति अशीच असते. तो स्वतः धडधाकट असतो. परंतु बिघाड त्याच्याजवळ असतो व पुढच्या पिढीस जाऊं शकतो. अशास वाहक म्हणतात.

वाहक बाप व वाहक आई यांचा संबंध आला, तर दर गर्भामागें हिशेब असा असतो : चारांत एक वेळ दोन्हीं जनुकें बिघडलेलीं, म्हणजे संतति रोगी, चारांत दोन वेळां संतति आईबापांसारखी वाहक पण निरोगी, आणि चारांत एक वेळ पूर्ण निर्दोष. यावरून, एक मूल गेलें म्हणजे पुढचीं तीन सुरक्षित, असा अर्थ कोणी काढूं नये. दर खेपेस हिशेब नव्यानें सुरू होतो. लागोपाठ दोन मुलें रोगी निपजूं शकतात, व सहाहि निरोगी निपजूं शकतात.

दुसरी एक रीत आहे. कांहीं जनुकें एक्स नांवाच्या गुणसूत्रावर असतात. मुलीजवळ अशीं दोन गुणसूत्रें असतात. मुलाजवळ एकच, व तें आईकडून आलेलें. म्हणजे या ठिकाणीं मुलाची गाडी एकबैली असते. आईजवळच्या दोहोंपैकीं एक बिघडलेलें असेल, तर दर मुलग्यास रोग होण्याचा संभव निम्मा असतो. मुली बहुधा निरोगी राहून वाहक होतात. अशा घरीं चौकशी केली तर आईच्या माहेरीं तिचा एखादा भाऊ किंवा मावशीचा मुलगा बालपणींच गेल्याचें पुष्कळदां निघतें. कधीं कधीं मात्र बिघाड त्या बालकांतच नव्यानें उद्भवलेला असतो, व मागें कोणीहि गेलेलें नसतें.

३. एका वळूची कथा

हें तत्त्व किती दूरवर पोंचतें, याचें उदाहरण गोपालनांत घडलेलें आहे. अमेरिकेंत १९५० नंतरच्या दशकांत होल्स्टीन फ्रिजियन जातीचा ऑसबॉर्नडेल आयव्हनहो नांवाचा वळू होता. त्याची संतति नामांकित निघाली. रेत गोठवून ठेवण्याची विद्या त्याच सुमारास प्रचारांत आली होती. त्यामुळें त्याचा मुलगा पेनस्टेट आयव्हनहो स्टार व नातू कार्लिन-एम आयव्हनहो बेल यांचें रेत देशोदेशीं गेलें. दूध वाढलें, परंतु त्याबरोबर एक बिघडलेलें जनुकहि गोठ्यागोठ्यांतून पसरलें. हे वळू स्वतः वाहक, दिसण्यांत उत्तम. म्हणून कोणास संशय आला नाहीं. पुढें त्याच वंशाच्या गाईंस त्याच वंशाचें रेत मिळूं लागलें, आणि मग दोन्हीं बाजूंनीं बिघाड घेऊन आलेलीं वासरें जन्मास येऊं लागलीं.

या वासरांस वारंवार न्यूमोनिया होई, हगवण लागे, तोंडांत क्षतें पडत, हिरड्या सडून दांत हलत, जखमा भरत नसत. वाढ खुंटून बहुतेक वासरें वर्षाच्या आंतच मरत. आश्चर्याची गोष्ट ही कीं, त्यांचें रक्त तपासलें तर त्यांत पांढऱ्या पेशी नेहमींपेक्षां कितीतरी अधिक दिसत. पण जखमेच्या ठिकाणीं त्या पोंचलेल्या नसत. कारण असें कीं, रक्तवाहिनीच्या भिंतीस धरून बाहेर पडण्यासाठीं या पेशींच्या अंगावर जी पकड लागते, तीच तयार होत नसे. चोर खाचरांत शिरला आहे, राखणे रस्त्यावरून धांवत्या गाडींत चालले आहेत, पण खालीं कोणासच उतरतां येत नाहीं. तशांतला हा प्रकार. या रोगास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ब्लॅड’ म्हणतात. १९९२ सालीं अमेरिकन संशोधकांनीं जनुकांतील नेमका बिघाड शोधून काढिला. सूचनेच्या लांबलचक मजकुरांत एका अक्षराचाच फरक होता. त्या सुमारास तेथील होल्स्टीन वळूंपैकीं शेंकडा सुमारें १४ व गाईंपैकीं शेंकडा सुमारें ६ वाहक आढळले.

होल्स्टीनच्या संकरानें आपल्या देशांतहि हे जनुक आलें. येथील होल्स्टीन व संकरित जनावरांत वाहक सांपडले आहेत. म्हणूनच रेतकेंद्रांसाठीं केंद्र सरकारनें घातलेल्या किमान नियमांत वळूची ‘ब्लॅड’साठीं जनुक-तपासणी आवश्यक केली आहे. रोगी वासरास औषध शोधण्यापेक्षां वाहक वळू वेळीं बाजूस काढणें सोपें ठरलें, व त्यामुळें हा रोग मागें हटला. नोंद ठेविल्याचें फळ तें हें.

४. तोच दोष बालकांत

वासरांतील हा रोग आम्हीं विस्तारानें सांगितला, याचें कारण हुबेहूब हाच रोग मनुष्याच्या बालकांत होतो, व तोहि त्याच जनुकाच्या बिघाडानें. अशा बालकाची नाळ वेळेवर गळून पडत नाहीं. सामान्यतः ती एक-दोन आठवड्यांत पडते. येथें तीन-चार आठवडे उलटले तरी राहते, बेंबी लाल होते, पण पू होत नाहीं. रक्तांत पांढऱ्या पेशी अतोनात वाढलेल्या असतात. तीव्र प्रकारांत, योग्य उपाय न झाल्यास, बहुतेक बालकें पहिल्या दोन वर्षांत दगावतात.

प्रतिकारशक्तीचे असे जन्मजात दोष आज साडेचारशेंहून अधिक ठाऊक आहेत. एकेक दोष विरळा. परंतु सर्व मिळून ते इतके विरळ नाहींत. कांहींत लिंफोसाइट पेशीच तयार होत नाहींत. हा सर्वांत घातक प्रकार, व तो पहिल्या कांहीं महिन्यांतच प्रगट होतो. कांहींत फक्त प्रतिपिंडें नसतात; असें बालक आईकडून आलेल्या शिदोरीवर पांच-सहा महिने बरें राहतें, व ती सरली कीं आजारी पडूं लागतें. कांहींत पांढऱ्या पेशी जंतूस गिळतात पण मारूं शकत नाहींत; अशांस यकृतांत व इतरत्र पुन्हां पुन्हां गळवें होतात.

आपल्या सुदैवानें या विषयाचें देशांतील एक प्रमुख केंद्र आपल्या रेल्वेच्याच वाटेवर आहे. मुंबईस परळ येथें के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे. १९५७ सालीं रक्तगटांचें संदर्भ केंद्र म्हणून तिचा आरंभ झाला. आज तेथें या जन्मजात दोषांचें निदान होतें, व वर सांगितलेल्या पकड नसलेल्या पेशींच्या रोगावर तेथील संशोधकांनीं भारतीय बालकांचे अहवाल प्रसिद्ध केले आहेत. शेजारींच १९२९ सालीं स्थापन झालेलें बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे. तेथेंहि अशा बालकांवर उपचार होतात. नेरळ किंवा कर्जतहून निघालेल्या मनुष्यास दादरला उतरून ही दोन्हीं ठिकाणें एकाच दिवसांत गांठतां येतात.

५. संशय केव्हां घ्यावा?

सर्दी-खोकला सर्वच मुलांस होतो. पावसाळ्यांत तर घरोघर होतो. त्यानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. पुढील गोष्टी दिसल्यास मात्र डॉक्टरांस स्पष्टपणें विचारावें :

(१) एका वर्षांत दोन किंवा अधिक वेळां न्यूमोनिया.
(२) महिना-दोन महिने औषध देऊनहि न हटणारा रोग, किंवा दर वेळीं शिरेंतूनच औषध देण्याची पाळी.
(३) पुन्हां पुन्हां खोल गळवें, किंवा न भरणारी जखम.
(४) वर्षाच्या पुढच्या मुलाच्या तोंडांत न जाणारा पांढरा बुरा.
(५) सततची हगवण व वजन न वाढणें.
(६) नाळ पडण्यास फार विलंब.
(७) त्याच घरांत किंवा आईच्या माहेरीं तान्हीं मुलें रोगानें गेलेलीं असणें.

यांतील सातवी गोष्ट डॉक्टरांस आपण होऊन सांगावी लागते. ती कोणत्याहि यंत्रांत दिसत नाहीं. पहिली तपासणी महाग नाहीं. पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी साध्या प्रयोगशाळेंतहि होते. तान्ह्या बालकाच्या रक्तांत एका घनमिलिमीटरांत लिंफोसाइट ३,००० हून कमी आढळल्यास तो कागद बाजूस टाकूं नये. तो घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे जावें.

६. लशीसंबंधीं एक सावधगिरी

येथें वाचकांनीं आमचें म्हणणें नीट समजून घ्यावें. लस ही बालकाची कवचकुंडलें होत. या पाठाचा आधार घेऊन कोणी लस चुकविली तर त्याचें पाप आम्हांकडे नाहीं. परंतु कांहीं लशींत दुबळा केलेला जिवंत जंतु असतो. क्षयावरची बी. सी. जी. व तोंडावाटे देण्याचे पोलिओचे थेंब या त्यांपैकीं असून दोन्हीं आपल्याकडे जन्मतांच देतात. सुदृढ बालकास त्यांपासून लाभच होतो. ज्याची प्रतिकारशक्ति मुळांतच नाहीं, त्याच्या अंगांत मात्र तो दुबळा जंतुहि माजूं शकतो. बी. सी. जी. टोंचल्या जागीं लहानशी पुळी येणें हें योग्यच; पण त्या बाजूच्या कांखेंतली गांठ मोठी होऊन वाहूं लागली, व बालक इतर रीतीनेंहि खंगत असलें, तर तपासणी झालीच पाहिजे.

म्हणून ज्या घरीं पूर्वीं एखादें तान्हें मूल अशा रोगानें गेलें आहे, त्या घरीं पुढच्या बाळंतपणाच्या आधींच ही गोष्ट डॉक्टरांस सांगावी, व तपासणी होईपर्यंत जिवंत जंतूंच्या लशी थांबवाव्या कीं काय, हें त्यांस ठरवूं द्यावें. हा निर्णय घरच्यांनीं स्वतः घेऊं नये. ही दोन वाक्यें वेळेवर बोलल्यानें एक जीव वांचूं शकतो.

७. उपाय आहेत

पूर्वीं या रोगांस उपाय नव्हता. आज तसें म्हणतां येत नाहीं. १९५२ सालीं अमेरिकेंत डॉ. ऑग्डेन ब्रूटन यांनीं वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलाचें रक्त तपासलें, तों त्यांत प्रतिपिंडांचा अंश सांपडेना. त्यांनीं त्यास इतरांच्या रक्तांतून काढलेलीं प्रतिपिंडें टोंचलीं, व त्याचे आजार थांबले. आजहि अशा रुग्णांस दर तीन-चार आठवड्यांनीं प्रतिपिंडें देतात, व ते शाळेंत जातात, कामधंदा करितात. ज्यांत पेशीच सदोष असतात, त्यांस दुसऱ्याची अस्थिमज्जा देतात. म्हणजे नव्या पेशींचें बींच पेरतात. असें पहिलें यशस्वी रोपण १९६८ सालीं अमेरिकेंत झालें. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याचा संभव चारांत एक असतो. लिंफोसाइट नसलेल्या बालकांत साडेतीन महिन्यांच्या आंत रोपण झालें, तर १०० पैकीं ९० हून अधिक बालकें वांचल्याचें अमेरिकेंतील नोंदी सांगतात. उशीर झाला व रोग अंगांत मुरला, तर हा आंकडा उतरतो. लावणीची वेळ चुकल्यावर खत घालून काय होतें, हें शेतकऱ्यांस सांगणें नको.

खर्च मोठा आहे, हें खरें. परंतु २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणांत यांपैकीं कांहीं रोगांचा समावेश आहे, व २०२२ सालीं ठरविल्याप्रमाणें नेमलेल्या केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मंजूर होऊं शकतें. के. ई. एम. रुग्णालय हें अशा केंद्रांपैकीं एक आहे. जमीन गहाण टाकण्यापूर्वीं तेथें चौकशी करावी. तसेंच, ज्या घरांतील बिघाड निदानानें नक्की झाला आहे, तेथें पुढच्या गर्भाची तपासणी गर्भारपणांतच करितां येते. मात्र त्यासाठीं गेलेल्या मुलाच्या रक्ताची तपासणी तें हयात असतांना झालेली असावी, हें उत्तम. मूल जगणार नाहीं असें दिसलें तरी निदान पुरें करून घ्यावें, असें डॉक्टर सांगतात तें याचसाठीं.

८. सोयरिकीविषयीं

मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या पुष्कळ ज्ञातींत आहे. घरची मुलगी घरांत राहते, देणेंघेणें सोपें होतें, हे तिचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हिशेब जाणून असावें. आते-मामे भावंडांच्या जनुकांपैकीं सरासरीनें एक अष्टमांश एकाच आजाआजीकडून आलेलीं असतात. म्हणून घराण्यांत लपलेला बिघाड दोन्हीं बाजूंनीं एकत्र येण्याचा संभव दूरच्या सोयरिकीपेक्षां तेथें पुष्कळ वाढतो. अशा सर्व जोडप्यांचीं मुलें रोगी होतात, असें मुळींच नाहीं. बहुतेकांचीं निरोगीच असतात. मात्र ज्या घराण्यांत तान्हीं मुलें गेलीं आहेत, त्यानें तीच सोयरीक पुन्हां करूं नये, किंवा आधीं तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें आम्ही कर्तव्य समजतों. मुलें जगत नाहींत म्हणून सुनेस दोष देणें, तिला माहेरीं धाडणें किंवा दुसरी करून आणणें, हा अन्यायच नव्हे तर अज्ञानहि आहे. पहिल्या रीतीच्या रोगांत बिघाडाचा अर्धा वांटा बापाचा असतो. दुसऱ्या रीतींत तो आईकडून आला असला तरी तिला तो तिच्या आईबापांकडूनच मिळालेला असतो. तिनें तो ओढवून घेतलेला नसतो.

९. नोंदवही

आतां करावयाचें तें थोडक्यांत. ज्यांच्या गोठ्यांत संकरित गाय आहे, त्यांनीं रेत भरते वेळीं वीर्यकांडीवरील वळूचा क्रमांक, केंद्र व तारीख उतरून घ्यावी. ज्या वळूची कालवड, त्याच वळूचें रेत तिला भरूं देऊं नये. गांवचा वळू असल्यास तीन वर्षांच्या आंत बदलावा, म्हणजे तो आपल्याच लेकींस लागणार नाहीं. वासरूं मेलें तर त्याची आई, वळू, वय व लक्षणें लिहून ठेवावीं. एकाच वळूचीं दोन-तीन वासरें सारख्याच रीतीनें गेलीं, तर पशुवैद्यास ती वही दाखवावी.

त्याच वहीच्या दुसऱ्या भागांत घरचें लिहावें. दोन्हीं बाजूंच्या तीन पिढ्या. लग्न होऊन गेलेल्या मुली व त्यांचीं मुलें यांसह, कारण जमिनीचा वारसा कसाहि चालो, रक्ताचा वारसा लेकींकडूनहि जातो. जीं मुलें लहानपणीं गेलीं, त्यांचीं नांवें, वय व आजार, जेवढें आठवेल तेवढें लिहावें. घरांतलीं वडील माणसें हयात आहेत तोंच हें काम उरकावें. त्यांच्यामागें तें सांगणारें कोणी उरणार नाहीं.

बियाण्याचें भात आपण पिढ्यान् पिढ्या पारखून ठेवीत आलों. तीच पारख गोठ्यांत व घरांत आणावी, इतकीच आमची सूचना आहे. जीं मुलें गेलीं तीं परत येणार नाहींत. परंतु त्यांची नोंद राहिली, तर त्यांच्या मागून येणाऱ्या भावंडांस तिचा उपयोग होईल.